सुपातलं नाव

सासूबाईंनी पिशवीतून आधी तुपाची बरणी काढली, मग डिंकाचे लाडू, मग हळिवाची पुडी, आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक सूप. सूप पाहताच आमच्या ह्यांचा चेहरा उतरला.

"हे कशाला आणलंस?"

"कशाला म्हंजी? माज्या नातीला."

जुनं सूप होतं ते. एका कडेची बांबूची पट्टी उसवलेली, शेणाने लिंपून लिंपून काळपट पडलेलं. माझी मुलगी तेव्हा दहा दिवसांची होती आणि परवा तिचं बारसं होतं. सासूबाई संगमनेरच्या वरच्या डोंगरातल्या गावाहून एस.टी.ने चार तास उभ्याने आल्या होत्या, तरी अजून पाण्याचा पेला तोंडाला लावला नव्हता.

"बारशाला पाळणा आणलाय मी," हे म्हणाले. "भाड्याचा नाही, विकत आणलाय."

"पाळन्यात मागनं. आदी सुपात घालायची, सूप केरावर ठिवायचं. परक्या बाईनं येऊन उचलायचं. मग तिला वंजळभर कोंडा दिऊन आपलं लेकरू आपुन परत घ्यायचं. आन् नाव ठिवायचं केराबाई. म्या समदं ठरिवलंय."

"तिचं नाव मृण्मयी ठेवायचं ठरलंय."

"कुनी ठरिवलं?"

"मी. तिच्या बापाने. आई, एकोणीसशे पंच्याऐंशी साल चाललंय."

"यमाकडं क्यालेंडर नसतं," सासूबाई म्हणाल्या आणि मग कुठे पाणी प्यायल्या.

हे खोलीत येरझारा घालू लागले. आमची खोली इतकी लहान की चार पावलांत भिंत यायची, त्यामुळे रागावणंसुद्धा नीट जमायचं नाही. "माझ्या मुलीला मी केरात घालू देणार नाही. तिला तसलं नाव लावू देणार नाही. हे माझं शेवटचं सांगणं."

"मागल्या बारीला काय ठिवलं व्हतंस?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं. "अमृता. लई भारी अर्थ सांगितला व्हतास मला. कदी मरत न्हाई ती, आसा."

हे बाहेर अंगणात गेले. मी भिंतीकडे तोंड करून मुलीला पाजायला घेतलं. सासूबाई माझ्या पाठीशी येऊन बसल्या. "बोलू नये ते बोलले म्या," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

अमृता तीन महिन्यांची होऊन गेली होती. तिच्या आधी मुलगा झाला, तो तर बारशापर्यंतही थांबला नाही, त्याला नावच नाही. डॉक्टर दोन्ही वेळा दोन वेगळी कारणं म्हणाले आणि दोन्ही वेळा म्हणाले, पुढच्या वेळी काही होणार नाही. ही पुढची वेळ होती. मुलगी चांगली टपोरी होती, आवाज असा की वरच्या मजल्यावरचे लोक जागे व्हायचे. पण मी तिला काहीच म्हणत नव्हते. पाजायची, न्हाऊ घालायची, मांडीवर थोपटायची, आणि हाक मात्र मारायची नाही. सोनू नाही, बबडी नाही, काही नाही. हाक मारली की ही आपली झाली, आणि आपली झाली की जाणार, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं.

तेव्हा केराचा तो प्रकार ऐकून मला काय वाटलं असेल? हसू यायला हवं होतं. मी बी.ए. झालेली, बालवाडीत शिकवणारी बाई. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला तरी भीती असतेच, आणि भीती काही डिग्री विचारून येत नाही. मनातल्या मनात मी त्या सुपाकडेच डोळे लावून बसले होते.

आता ह्यांचं सांगते. ह्यांचं नाव किरण. किरण तुकाराम वाकचौरे, बँकेत ऑफिसर. लग्नात गावाकडच्या बायकांनी मला नाव घ्यायला लावलं, तेव्हा मी पुण्याहून पाठ करून नेलेला उखाणा म्हटला आणि त्यात किरणरावांचं नाव घेतलं. मांडवात कुजबुज झाली. एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "किरान कोन? ही पोरगी दुसऱ्याच्याच मांडवात बसली की काय?" सगळा मांडव हसला. नवरदेव हसला नाही. मला तेव्हा कळलं की माझ्या नवऱ्याचं नाव केरू आहे.

शाळेत मुलं पेन्सिलीची सालं आणि खडूचे तुकडे ह्यांच्या दप्तरात टाकायची. केर केरातच टाकायचा, असं म्हणायची. गुरुजी हजेरी घेताना तिथे आले की जरा थांबायचे, म्हणजे मुलांना हसायला वेळ मिळावा. पुण्यात कॉलेजला आल्यावर ह्यांनी स्वतःला किरण म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि पुढे गॅझेटात देऊन ते पक्कं केलं. गावात केरू, पुण्यात किरण. दोघांची गाठ पडू नये म्हणून हे फार जपायचे. बँकेतलं कोणी येणार असलं की आई घरी नसायची, आणि आई आली की बँकेतलं कोणी यायचं नाही. गॅझेटचं तर त्यांनी आईला कधी सांगितलंच नव्हतं. म्हणायचे, तिला वाटेल मी तिने दिलेलं फेकून दिलं.

आणि एकदा, फक्त एकदाच, मला म्हणाले होते, "लोक कुत्र्यालासुद्धा मोत्या म्हणतात गं. माझ्या आईबापांना माझ्यासाठी केर सापडला."

परवाच्या बारशाला मात्र हे जमणार नव्हतं. मॅनेजर देवस्थळीसाहेब सपत्नीक येणार होते. ह्यांना ना भाऊ ना बहीण, म्हणजे बारशाला आत्या नाही, आणि आत्या नाही तर निदान आजी हवीच. त्या संध्याकाळी हे मला हळूच म्हणाले, "आईला सांग ना, चारचौघांत मला केरू म्हणू नकोस म्हणावं."

"तुम्हीच सांगा."

"मला नाही सांगता येणार."

"मग मला कसं येईल?" मी म्हटलं. तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे बँकेत असताना वरच्या मजल्यावरची फोलाके आली. ती आणि तिचा नवरा नायजेरियातले, योरुबा लोक. नवरा पुण्यात शेतीशास्त्रात पीएच.डी. करत होता. तीन वर्षांत भाजीवाल्यांकडून शिकलेलं मराठी, सिनेमातलं हिंदी आणि शाळेतलं इंग्रजी यांची फोलाके भेळ करून बोलायची. मी इथे ती निवडून सांगते. तिने माझ्यासाठी मिरी घातलेलं झणझणीत मटणाचं पाणी आणलं होतं. बाळंतिणीला तिच्याकडे तेच देतात म्हणे. सासूबाईंनी वास घेतला, चमचाभर चाखलं आणि म्हणाल्या, "हिला सैपाक येतो."

मग त्यांनी नाव विचारलं. फोलाकेने सांगितलं. सासूबाईंनी दोनदा जुळवून पाहिलं आणि तिची फुलाक्का करून टाकली.

"अर्थ काय गं तुझ्या नावाचा?" मी विचारलं. तीन वर्षं शेजारी राहून मी हे कधी विचारलं नव्हतं.

"श्रीमंतीत लाड करून वाढवलेली," ती म्हणाली आणि आमच्या पोपडे आलेल्या भिंतीकडे बघून पोट धरून हसली. "वरच्या दोन खोल्यांत रोज श्रीमंती चाललेली असते. आमच्याकडे नाव म्हणजे एक अख्खं वाक्य असतं. मूल कसं आलं, घरात तेव्हा काय चाललं होतं, ते त्यात सांगतात. तुमच्याकडे नाही?"

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं. त्यांनी तिला नखशिखान्त मापलं. फोलाके पावणेसहा फूट उंच होती.

"हिला इचार," त्या म्हणाल्या, "उद्या लेकरू उचलशील का म्हनावं. कुळातली नगं, भावकीतली नगं, जातीतली नगं. यमाला वळख लागता कामा न्हाई. हिच्यापरीस परकी बाई त्याला सोदूनबी सापडायची न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विचारलं. सूप काढून दाखवलं, केर, उचलणं, कोंडा, सगळं अडखळत सांगितलं. मला वाटलं ती हसेल, नाहीतर तोंड वाकडं करेल. ती हसली नाही. तिने सूप हातात घेतलं आणि उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"आधी किती गेली?" तिने मला विचारलं.

"दोन."

"तुझा नवरा नाही म्हणतो?"

"हो."

"तू?"

मी सासूबाईंकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. ती आपली मूठ तोंडात कोंबायच्या खटपटीत होती. मी म्हटलं, "मला हवंय."

आयुष्यात नवऱ्याच्या पाठीमागे मी ठरवून केलेली ही पहिली गोष्ट, आणि मला तिचं अजिबात वाईट वाटलं नाही.

"मग मी येते," फोलाके म्हणाली. "पण परत देताना मी सहज देणार नाही. आमच्याकडे अशा कामात खोटं खोटं काही करत नाहीत."

बारशाच्या दिवशी सकाळी हे फुलं आणायला गेले आणि तिथूनच देवस्थळीसाहेबांना चौकातून घेऊन येणार होते. आमचं घर सहज सापडणाऱ्यातलं नव्हतं. सासूबाईंनी घुगऱ्या शिजवून ठेवल्या होत्या. हे फाटकाबाहेर पडले तशी त्यांनी पदर खोचला आणि अख्खं घर झाडून काढलं. तो केर अंगणाच्या कोपऱ्यात लोटला. तिथे आधीच आंब्याची वाळकी पानं, कांद्याची सालं, चुलीतली राख असा ढीग होता. सुपात त्यांनी माझं जुनं मऊ लुगडं अंथरलं, मुलीला त्यात ठेवलं, आणि सूप त्या ढिगावर ठेवून मागे न बघता घराकडे वळल्या.

"तूबी वळ," त्या म्हणाल्या. "आईनं बगायचं नसतं."

मी वळले. पाठीमागे माझी मुलगी केरावर पडली होती आणि मी उंबऱ्याकडे तोंड करून उभी होते. मला पाय टाकवेना. ती रडली असती तर मी धावले असते. ती रडली नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. हे ठरल्यापेक्षा फारच लवकर आले. हातात झेंडूच्या माळा, मागे देवस्थळीसाहेब, त्यांच्या मागे जरीच्या साडीत वहिनी.

"अगं बाई, बाळ केरात," वहिनी म्हणाल्या.

माळा खाली टाकून हे धावले. पण जिन्यावरून फोलाके त्यांच्या आधी पोहोचली. ती ठेवणीतल्या निळ्या कपड्यांत होती, डोक्याला तसाच निळा मोठा फेटा. तिने सुपातून मुलीला उचललं, छातीशी धरलं, आणि मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "हे लेकरू कोणाचं?"

"आमचं न्हाई," सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "केर हाय तो. टाकून दिलाय."

"मग मी नेते."

"माझं आहे ते," हे म्हणाले. "द्या इकडे."

फोलाकेने मुलीला आणखी वर, खांद्याशी धरलं. ती ह्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. "मला केरात सापडलं. तुमचं असेल तर तुम्ही कोण ते सांगा."

"कोण म्हणजे? मी किरण. तुम्ही मला ओळखता."

"मी खालच्या मजल्यावरच्या किरणला ओळखते. माझ्या नवऱ्याबरोबर कॅरम खेळतो तो. या मुलीचा बाप कोण, ते मला माहीत नाही. नाव काय हिचं?"

"मृण्मयी."

सासूबाई आता वळल्या. "आरं पन त्येचा अर्थ काय, ते तरी सांग. दोन दीस इचारीन म्हनते."

हे मुलीकडे हात पसरूनच उभे. देवस्थळीसाहेबांना वाटलं, आपण मदत करावी. ते घसा साफ करून म्हणाले, "मृण्मयी म्हणजे मातीची. मातीपासून घडलेली."

"मातीची?" सासूबाईंनी केराच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "मग ह्यो काय सोन्याचा हाय का? ह्यातबी मातीच हाय की. तू मातीत घाल, म्या केरात घालते. भांडन कशाचं?"

देवस्थळीसाहेब हसले. वहिनी पदरात हसल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हसत नव्हते, पण रागावलेलेही राहिले नव्हते. थकलेले दिसत होते.

"आई, तुला कळत नाही," हे म्हणाले. मग साहेब समोर आहेत हे जणू विसरूनच बोलत गेले. "शाळेत माझ्या दप्तरात केर टाकायचे. रोज. घरी येऊन मी तुला कधी सांगितलं नाही. तुला माझ्यासाठी एक धड नाव सुचलं नाही का गं? मी गॅझेटात देऊन बदललं ते. आता सगळीकडे किरण आहे. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

फोलाकेच्या खांद्यावर मुलगी उचकी देत होती.

सासूबाई पायरीवर बसल्या. "सुचलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "लई सुचली व्हती. पैला झाला त्याचं नाव राजाराम ठिवलं. आठ म्हैन्याचा व्हऊन गेला. मग पोरगी झाली, सोनाबाई. ती रांगत व्हती. मग हिरामन. मग मानिक, त्यो तर बोलायला लागला व्हता, मला 'आये' म्हनायचा. राजा नेला, सोनं नेलं, हिरा नेला, मानिक नेला. तुझ्या येळेला म्हनलं, आता ह्याच्या म्होरं चांगलं काई ठिवायचंच न्हाई. आता केर ने म्हनावं, नेतोस तर. न्हाई नेला."

ह्यांना एक-दोन भावंडं आधी गेली एवढंच माहीत होतं. चार होती, त्यांना नावं होती, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"जगलेल्याच्या कानावर मेलेल्यांची नावं घालू नई. आज घातली. आता तू बाप झालास."

जिन्यावर फोलाकेचा नवरा येऊन उभा होता. एवढा धिप्पाड माणूस, कोसोको नावाचा. तो कधी उतरून आला ते कोणाला कळलं नव्हतं. त्याला मराठीतलं सगळं कळलं असेल असं नाही, पण जेवढं कळायला हवं होतं तेवढं कळलं होतं.

"किरण," तो म्हणाला, "माझ्या नावाचा अर्थ तू मला कधी विचारला नाहीस."

"नाही."

"को-सी-ओको. कुदळ नाही. माझ्या आधी आईची तीन गेली होती. माझ्या वेळी ती म्हणाली, खड्डा खणायला घरात आता कुदळच उरली नाही, तेव्हा तुला जाता येणार नाही." तो खाली उतरून ह्यांच्याजवळ आला. "आमच्याकडे 'उकिरडा' नावाची माणसंही आहेत. 'जाऊ नकोस' आहेत, 'थांब, आयुष्याची मजा घे' आहेत. मी माझं नाव सांगितलं की आमच्या गावचा कोणीही हसत नाही. त्याला कळतं की या माणसाची आई भांडली आणि जिंकली."

ह्यांनी मान वर करून कोसोकोकडे बघितलं. आठवड्यातून तीन दिवस दोघे कॅरम खेळायचे आणि कोसोको हरला की सोंगट्या मोजायला लावायचा. इतके दिवस हे त्याच्याशी किरण म्हणूनच बोलले होते.

मग ते फोलाकेकडे वळले. फोलाकेने पुन्हा विचारलं, अगदी हळू, "हे लेकरू कोणाचं?"

"माझं," हे म्हणाले. "मी केरू. तुकारामाचा आणि गोदाबाईचा केरू. मीपण केरातच सापडलोय." आणि देवस्थळीसाहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, माझं मूळचं नाव केरू."

"छान आहे की," साहेब म्हणाले. मग त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं. "आमच्या आजोबांचं नाव धोंडो होतं. का ते आज लक्षात आलं."

सासूबाईंनी लगबगीने कोंड्याची ओंजळ आणून फोलाकेच्या हातात ओतली. फोलाकेने ती नीट बघितली, चिमूटभर फुंकून उडवला, किंमत कमी वाटल्यासारखा चेहरा केला. सासूबाईंनी आणखी मूठभर घातला. मग फोलाकेने मुलीला ह्यांच्या हातात दिलं, माझ्या नाही. हे तिला असं धरून उभे राहिले की मला वाटलं आता हे रडणार. रडले नाहीत. नाक मात्र सदऱ्याच्या बाहीला पुसलं.

"ते ग्याझीट का फ्याझीट केलंस ते," सासूबाई म्हणाल्या, "ते बरंच केलंस."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"आरं, लेकराच्या गालाला आपुन तीट लावतो. दिष्ट लागू नई म्हनून. ती काय आयुष्यभर ठिवायची आसती व्हय? घरातनं बाहेर पडताना लावायची, मोठं झालं की पुसायची. नाव म्हंजी तीटच ती. तू जगलास, तिचं काम झालं. म्याच तुला सांगायला हवं व्हतं, आता पूस म्हनून."

ह्यांनी खाली बघितलं. त्यांच्या छातीवरून दोन दगड उतरले असतील. एक आईपासून लपवल्याचा आणि एक त्याहून जुना. मला ते दिसत होतं, कारण बारा दिवस मीही एक दगड घेऊनच बसले होते.

मग पाळणा सजला. बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून मुलीला देत 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' केलं. कानात नाव सांगायची वेळ आली तेव्हा प्रश्न आला, आत्या कोण? सासूबाईंनी फोलाकेला पुढे ढकललं. "हीच की. हिनंच तर आनली केरातनं." फोलाकेने मुलीच्या ओठांना मधाचं बोट लावलं, कानाशी वाकली, आणि आधी केराबाई म्हणाली, मग मृण्मयी म्हणाली, आणि मग तिसरं, तिचं स्वतःचं एक: दुरोजाये. थांब आणि आयुष्याची मजा घे. आमच्याकडे आत्याच्या पाठीत बुक्के मारायची पद्धत आहे. तिच्या पाठीपर्यंत हात पोहोचायला बायकांना टाचा उंच कराव्या लागल्या.

देवस्थळीवहिनींनी मग माझी पाठ धरली. "आता तुम्ही नाव घ्या. असं सुटायचं नाही."

मी उभी राहिले. किरणरावांचे उखाणे मला चार-पाच पाठ होते. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात घेतलेले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दाराशी कोसोकोच्या बाजूला उभे होते. त्यांना कळलं मी काय विचारतेय. त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

तेव्हा मी तिथल्या तिथे जुळवून म्हटलं,

"सुपातलं सोनं पडलं पुन्हा पदरात,
केरूरावांचं नाव घेते भरल्या घरात."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. लगेच घुगऱ्यांचं पातेलं उचलून "खावा, खावा, गार व्हत्यात" म्हणत त्या सगळ्यांत फिरू लागल्या.

पाहुणे जेवत असतानाच आत मुलगी रडली. मी गेले, पाळण्यात वाकले, आणि माझ्या तोंडून आपसूक आलं, "काय गं केरे? काय झालं माझ्या केरीला?" मग मी तिला कुशीत घेऊन आडवी झाले. बाहेर भांड्यांचा खणखणाट, कोसोकोचं हसणं, सासूबाई फुलाक्काला घुगऱ्यांची कृती सांगत होत्या ती हातवाऱ्यांसकट ऐकू येत होती. एरवी मी मुलीचा श्वास मोजत पडायची. त्या दुपारी मी मोजला नाही. मला झोप लागली.

सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. फोलाके आणि कोसोको त्यांच्या देशाला परत गेले. ते सूप माझ्याकडे माळ्यावर आहे. उसवलेली कड अजून शिवायची राहिलीय.

मुलगी परवा चाळीस वर्षांची झाली. ती भूगर्भशास्त्र शिकवते, म्हणजे नाही म्हटलं तरी मातीतच काम करते. दारावरच्या पाटीवर डॉ. मृण्मयी किरण वाकचौरे असं लिहिलंय. लग्न झालं तरी तिने ते बदललं नाही. मागे तिला केराबाई नावाची तीट कधीच पुसली असं आम्ही सांगितलं, तेव्हा म्हणाली, पुसली असेल, पण मला आवडते. परवा फोन आला. ह्यांनी उचलला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कोण बोलतंय?

"बाबा," पलीकडून आवाज आला, मोठा, तान्ही असताना होता तसाच खणखणीत, "केरी बोलतेय."